वाचकांचे प्रश्न : दोह्याचे सामने आणि मामांची भेट

प्रश्न : मी २४ वर्षांचा असून कबड्डीत कोपरारक्षक म्हणून खेळतो. आमच्या संघाला दोहा येथे सामन्यांचे निमंत्रण आले आहे. मी समलिंगी आहे, हे संघात एकालाच ठाऊक आहे. माझे मामा तिकडे नोकरीला असून ते सामने पाहायला येणार आहेत. तिथल्या कायद्याची भीती वाटते. दुखापतीचे निमित्त सांगून माघार घ्यावी का?
— एक वाचक, मुरूड (रायगड)

उत्तर : एवढ्यासाठी गुडघ्याला खोटी पट्टी बांधू नका, मात्र काय जपायचे, ते नीट समजून जा.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध तेव्हाच्या दंडसंहितेच्या कलम ३७७ मधून वगळले, म्हणजे ते गुन्हा राहिले नाहीत, पण ते संरक्षण आपल्या हद्दीपुरते आहे. दोह्यात उतरल्यावर तुम्हाला कतारचा कायदा लागू होतो आणि तिथे पुरुषांमधील लैंगिक संबंधांना तुरुंगवासाची शिक्षा आहे. अटक झाल्यास १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते. दूतावासाचे अधिकारी येऊन भेटतात, वकिलाची व्यवस्था पाहतात, पण खटला थांबवणे त्यांच्या हाती नसते. म्हणून ओळखीची अ‍ॅप, खासगी संदेश आणि छायाचित्रे निघण्यापूर्वीच फोनमधून काढून टाका, आणि तिथे अनोळखी माणसाच्या बोलावण्यावरून कुठेही जाऊ नका. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकवेळी ग्राइंडर या समलिंगी पुरुषांच्या ओळखीच्या अ‍ॅपनेही क्रीडाग्रामातील खेळाडू बाहेरच्यांना शोधता येऊ नयेत, अशी तजवीज केली होती.

गप्प राहणे म्हणजे भित्रेपणा, असे तुम्हाला वाटत असेल, तर तसे नाही; मोठमोठ्यांनीही अशा वेळी पाऊल मागे घेतले आहे. २०१३ मध्ये रशियाने समलैंगिकतेच्या ‘प्रचारा’विरुद्ध कायदा केला. त्याच वर्षी मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत स्वीडनची उंच उडीपटू एम्मा ग्रीन ट्रेगारो इंद्रधनुषी नखे रंगवून उतरली; नियमभंग होऊ शकतो असे कळल्यावर अंतिम फेरीसाठी तिने ती लाल रंगवली. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात सात युरोपीय संघांनी पिवळ्या कार्डाच्या धास्तीने इंद्रधनुषी दंडपट्टीचा बेत सोडला. त्यांच्यामागे बलाढ्य महासंघ होते. तुमच्यामागे आहे मुरूडचे मंडळ, आणि तेही वर्गणीवर चालणारे!

धावपटू द्युती चंदने मे २०१९ मध्ये एका मुलीशी असलेले आपले नाते जाहीर केले आणि त्याच वर्षी ती दोह्यातच जागतिक स्पर्धेत धावली. तिला झालेला तीव्र विरोध घरातून होता. तुमच्याही बाबतीत मला पोलिसांपेक्षा मामांचीच काळजी अधिक वाटते, कारण कोकणात घरटी एकजण आखातात असतो आणि तिकडची कुजबूज इथल्या पडवीत संध्याकाळपर्यंत पोहोचते. मामांना मैदानावर भेटा, जेवायलाही जा, पण लग्नाचा विषय निघाला तर तिथे काहीही कबूल करू नका. ते बोलणे करायचेच असेल, तर मुरूडला परतल्यावर, तुमच्या सवडीने करा. ज्या सहकाऱ्याला ठाऊक आहे, त्याच्याशी मात्र आधीच स्पष्ट बोला आणि खोलीसाठी त्याचेच नाव व्यवस्थापकांकडे आत्ताच देऊन ठेवा. जोड्या एकदा ठरल्या की बदल मागताना कारण सांगावे लागते.