आकाश उडतंय? आधी हिस्टोग्राम बघ

तुझ्या फोटोंत डोंगर छान आलेत, पण आकाश पार पांढरं पडलंय. एडिटिंगमध्ये ते परत आणू ही आशा सोड. सेन्सर जिथे प्रकाशाने भरून गेला तिथे तपशीलच उरत नाही. म्हणून रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढ आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-उजळ भाग किती आहेत ते दाखवणारा आलेख, बघायची सवय लाव. त्याची उजवी कड म्हणजे सर्वांत उजळ भाग. आलेख उजव्या कडेला चिकटला की एक्स्पोजर अर्धा-एक स्टॉप उतरव (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), सावल्या नंतर उचलता येतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या जेमतेम 256 पातळ्या, 14 बिट रॉमध्ये 16,384. ताणायला वाव आहे तो इथेच.

अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) साधारण एफ/8 ते एफ/11 ठेव; आकडा मोठा तेवढं छिद्र लहान. एफ/22 वर सगळं धारदार येतं असं वाटतं खरं, पण डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) फोटो उलट मऊ पडतो. ट्रायपॉडवर 2 सेकंदांचा टायमर लाव, म्हणजे बटण दाबताना कॅमेरा हलणार नाही.

एडिट करताना आधी व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळट-निळसर तोल), मग हायलाइट्स (उजळ भाग) खाली. क्लॅरिटी (कडा उठावदार करणारा स्लायडर) आणि सॅच्युरेशनला (रंगांचा गडदपणा) मात्र हात आखडता घे (हिरवा तर मी थोडा कमीच करतो, नाहीतर गवत प्लॅस्टिकचं दिसतं). मग 100 टक्के झूम करून डोंगराची कड तपास. तिथे आकाशाला लागून पांढरी किनार दिसली, तर क्लॅरिटी किंवा शॅडोज (सावल्या उजळणारा स्लायडर) जास्त झालेत. स्लायडर मागे घे.