वाहन-सल्ला : घाटाखालचा निळा धूर

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी 2007 ची आहे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला सपाटीवर आल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की सायलेन्सरमधून निळ्या धुराचा लोट येतो व लगेच थांबतो. खड्ड्यांतून जाताना पुढच्या डाव्या चाकाकडून ‘खट्खट्’ आवाजही येतो. इंजिन खोलून रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) बदलाव्या लागतील, असे मेकॅनिक म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे, हे मेकॅनिकचे निदान योग्यच आहे, परंतु आपल्या वर्णनावरून दोष रिंगांपेक्षा व्हॉल्व्ह सीलचा (व्हॉल्व्हच्या दांडीवर ऑइल अडवणाऱ्या रबरी टोपीचा) वाटतो. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असते आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, त्यामुळे इंजिनाची आतली ओढ वाढते व सील कडक झाली असतील, तर हेडमधले (इंजिनाच्या वरच्या भागातले) ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून झिरपून खाली येते आणि पुढे ॲक्सिलरेटर दाबताच एकदम जळते. रिंगा झिजल्या असत्या, तर घाट चढताना जोर लागतानाही धूर दिसत राहिला असता. तरीही खर्चात पडण्यापूर्वी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्यावे. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर स्पार्क प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा स्पष्टपणे वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. आकडे चांगले असतील, तर इंजिन खोलू देऊ नये. सील बदलण्याचे काम अनेक गाड्यांत हेड न उतरवताही होते. तोवर गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गार असताना दर आठवड्याला डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहावी. धूर दबावा म्हणून जाड ऑइल घालण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये.

मला खरी काळजी वाटते ती आवाजाची. ऑइलची पातळी राखली, तर धुराचे काम काही दिवस थांबू शकते, आवाजाचे काम थांबू शकत नाही. गाडी जॅकवर उचलून, खाली भक्कम आधार देऊन, चाक वर व खाली धरून हलवावे. ढिलाई जाणवली, तर बॉल जॉइंट (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा गोल सांधा) किंवा चाकाचे बेअरिंग तपासावे. बॉल जॉइंट निखळला, तर चाक आडवे होते, म्हणून तो बदलेपर्यंत गाडी घाटात नेऊ नये. चाक घट्ट असेल, तर स्टॅबिलायझरची (गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याची) लिंक व लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचे) रबरी बुश पाहावेत. लहान खड्ड्यांत खटखटणारा आवाज बहुधा लिंकचाच असतो आणि ती स्वस्तात बदलते. शॉकॲब्सॉर्बरवर ऑइल ओघळलेले दिसले, तर पुढची जोडी एकदमच बदलावी. लोअर आर्म काढावा लागला, तर नंतर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावे, अन्यथा टायर एका कडेने झिजतील.