टेअर, तऱ्हा आणि वजाबाकी

प्रश्न असा आहे: "मिठाईच्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर 'टेअर' नावाचं बटण असतं. 'वेअर अँड टेअर'मधला टेअर तो हाच का? आणि मराठीत त्याला काय म्हणावं?"

नाही, तो हा नव्हे. उच्चार सारखा आहे, एवढंच. फाटण्याझिजण्याचा टेअर हा इंग्रजीचा घरचा, जर्मानिक कुळातला शब्द. काट्यावरचा टेअर बाहेरून आलेला, थेट अरबीच्या मुळापासून. तरीही 'वापरून वापरून काटा झिजतो, ती झीज भरून काढायचं बटण' हे स्पष्टीकरण मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की राग येतो. राग फक्त शब्दापुरता नाही. रिकामा खोका काट्यावर ठेवायचा, बटण दाबायचं, आकडा शून्यावर आला की मग पेढे भरायचे, असा त्या बटणाचा उपयोग. ते दाबलं नाही तर खोक्याचा पुठ्ठा पेढ्यांच्या भावाने आपल्या गळ्यात पडतो. ज्याला बटणाचा अर्थच झीज असा वाटतो, तो ते दर गिऱ्हाइकामागे कशाला दाबेल?

सरळ अर्थ लवकर उरकतो. मालासकट भरलेल्या वाहनाचं किंवा भांड्याचं वजन ते ग्रॉस, रिकाम्याचं ते टेअर, आणि एकातून दुसरं गेलं की उरतं ते नेट. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी आधी भरलेली चढते, मग रिकामी, ती याचसाठी. आणि काटामारीची निम्मी भांडणं या दुसऱ्या वजनावरूनच होतात. रेल्वेच्या बॉक्स-एन वाघिणीचं, म्हणजे वरून उघड्या मालडब्याचं, टेअर २२.४७ टन आणि माल ५८.८१ टन, मिळून ८१.२८. न्हावाशेवा बंदरातल्या प्रत्येक कंटेनरच्या दारावरही हा शब्द रंगवलेला असतो. जुन्या प्रयोगशाळांत याला आणखी एक अर्थ होता. दोन पारड्यांच्या तराजूत एकीकडे रसायनाची बशी असेल, तर दुसरीकडे तेवढ्याच वजनाची रिकामी बशी ठेवत, आणि त्या तोलाच्या बशीलाच टेअर म्हणत.

आता शब्दाच्या जन्माकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकात दिसू लागतो. तो फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये इटालियन 'तारा'वरून, आणि इटालियनमध्ये भूमध्य समुद्रावरच्या व्यापारातून अरबी 'तर्हा'वरून. तर्हा म्हणजे जे टाकून द्यायचं ते. धातू त-र-ह, अर्थ फेकणे. गोणी, पिंप, वेष्टण, म्हणजे किमतीत न धरता बाजूला टाकायचं ते सगळं तर्हा. आजही अरबी शाळांत वजाबाकीला 'तर्ह' असंच म्हणतात. म्हणजे पेढेवाल्याच्या काट्यावरचं बटण अक्षरशः वजाबाकीचं बटण आहे. फ्रेंचांनी याच शब्दाला मालातली खोट, पुढे माणसातला दोष असा अर्थ दिला.

याच धातूपासून अरबीत 'मत्रह' झाला: जिथे काही टाकतात ती जागा, जमिनीवर टाकलेली बैठक. तो इटलीमार्गे इंग्रजीत जाऊन 'मॅट्रेस' झाला. स्पॅनिशमध्ये कामाला, शाळेत दिलेल्या गृहपाठाला 'तारेआ' म्हणतात. अंगावर टाकलेलं काम, धातू तोच. आणि हाच अरबी 'तर्ह' फारसीत शिरला. फेकण्यावरून पाया टाकणे, पायावरून आराखडा, आराखड्यावरून रीत, ढब. तिथून तो आपल्याकडे आला आणि झाला 'तऱ्हा'. तऱ्हेतऱ्हेची माणसं, तऱ्हेवाईक म्हातारा, 'ही काय बोलायची तऱ्हा झाली?' हे सगळं बटणावरच्या टेअरचं सख्खं चुलत घराणं. मराठी गझलकार ज्याला तरही मिसरा म्हणतात, म्हणजे सर्वांपुढे टाकलेली ओळ जिच्यावर प्रत्येकाने गझल रचायची, तीही यातलीच.

इथे कुणीतरी हमखास म्हणणार की टेअर 'तराजू'वरून आला असेल. 'तर' दिसला की नातं जोडायचं ही खोड फार आहे. तराजू फारसी, त्याचं पूर्वरूप पहलवीत, म्हणजे इस्लामपूर्व काळातल्या फारसीत, सापडतं, आणि त्याचा अरबी त-र-हशी काडीचा संबंध नाही. 'टॅरिफ'ही यात ओढू नका. तो अरबी 'तारीफ'चा, ज्ञात करून देण्याचा शब्द. आपण कौतुकाला म्हणतो ती तारीफ त्याची बहीण. आणि बायबलच्या १६११च्या इंग्रजी भाषांतरात गव्हात उगवणारे 'टेअर्स' आहेत, मराठीत निदण. ते उपटून टाकतात म्हणून वजनातलं टेअरही तिथलंच, असं एका गृहस्थांनी मोठ्या अधिकाराने लिहिलेलं मी वाचलंय. निदणाचा टेअर इंग्रजीत १३००च्या सुमारास, व्यापारी टेअरच्या कितीतरी आधी दिसतो, आणि त्याच्या जवळचा म्हणून डच भाषेतला गव्हाचा शब्द दाखवतात. अरबस्तान त्याच्या वाटेतच येत नाही. दोन शब्दांचं स्पेलिंग एक असलं की त्यांची आई एक, हा कुठला न्याय?

पण मला सगळ्यात जास्त आनंद ज्याचा होतो तो शब्द टेअर नाही. तो आपला साधा 'वजा' आहे.

वजा आला अरबी 'वद्अ'वरून: ठेवणे, खाली ठेवणे. अरबीतला हा 'द' जरा जड, निराळा, आणि फारसीतून येताना तो 'ज' होऊन येतो. कर्ज, अर्ज, मर्जी, जामीन, काजी, या सगळ्यांत तोच 'ज' आहे. हिशेबातून काही काढून खाली ठेवलं की ते वजा. बाकी म्हणजे उरलेलं. दोन्ही मिळून वजाबाकी. आता 'विनंतीवजा', 'पत्रवजा', 'तक्रारवजा' हे शब्द पाहा. हा वजाही तोच! ठेवण्यावरून ठेवण, ठेवणीवरून ढब, रीत. विनंतीवजा आदेश म्हणजे विनंतीच्या ढबीचा आदेश. काही शिक्षक वर्गात सांगतात की आदेशातून विनंती वजा केली म्हणून विनंतीवजा. ते साफ चूक आहे, आणि अर्थ नेमका उलटा होतो. विनंती वजा केली तर नुसता हुकूम उरेल.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. एक धातू फेकण्याचा, दुसरा खाली ठेवण्याचा. दोघांतून एका बाजूला वजाबाकी निघाली आणि दुसऱ्या बाजूला रीत, ढब. तर्हपासून टेअर आणि तऱ्हा. वद्अपासून वजा आणि -वजा. माझं ठाम मत आहे की हा योगायोग नाही. वस्तू हातातून सोडणे या एकाच कृतीकडे माणूस दोन अंगांनी पाहतो: काय बाजूला गेलं, आणि जे पडलं ते कसं पडलं. पहिल्यातून हिशेब जन्मतो, दुसऱ्यातून शैली. कोशकार हे अर्थ एक, दोन, तीन असे आकडे घालून सुटे मांडतात आणि मधला धागा वाचकाने शोधावा म्हणून सोडून देतात. तो धागा दाखवणं हेच खरं तर त्यांचं काम.

जाता जाता, 'वजन'ला या घरात घुसवू नका. तो अरबी 'वझ्न', धातूच वेगळा. वजा आणि वजन एकाच काट्यावर भेटतात, पण नात्यातले नाहीत.

मराठी प्रतिशब्दाचं विचारलं होतं. शब्द आहेत, आणि चांगले आहेत, फक्त गल्लत होऊ देऊ नये. ज्यात माल भरला ते पोतं, गोणी, खोका म्हणजे बारदान. फारसी 'बार' म्हणजे ओझं, आणि 'दान' फुलदाणी-पानदानातलं, धारण करणारं. 'बारदानाचं वजन' म्हटलं की बाजार समितीतला कुठलाही हमाल समजतो. पासंग ही वेगळी वस्तू. तराजूच मुळात एका अंगाला झुकत असेल तर दुसऱ्या पारड्याला जो खडा बांधतात तो पासंग. यातला 'संग' म्हणजे दगड, संगमरवरातला. तो दोष तराजूचा सुधारतो, भांड्याशी त्याला कर्तव्य नाही. म्हणून टेअरला पासंग म्हणावं असं सुचवणारे चुकतात. 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' या म्हणण्यातला अपमानही तो खडा किती क्षुद्र असतो हे कळल्याशिवाय पुरता लागत नाही.

कडता त्याहून निराळा, आणि त्याला टेअर म्हणणं तर अन्यायच. कडता म्हणजे बारदान वजा झाल्यावरही घट, माती, खराबा या नावाखाली व्यापारी वरून कापतो ते. इंग्रजांकडेही हे होतं. त्यांच्या जुन्या अंकगणितांत 'टेअर अँड ट्रेट' नावाचा धडाच असे. टेअर वजा केल्यावर दर १०४ पौंडांमागे ४ पौंड ट्रेट म्हणून सोडायचे, म्हणजे १०४ देऊन १००चे पैसे. ट्रेट म्हणजे ओढ, पारडं आपल्याकडे ओढलं जाणं. त्यानंतरही 'क्लॉफ' नावाची आणखी एक सूट असे. कांदा, मोसंबी विकणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे हिशेब समजावून सांगावे लागणार नाहीत.

राहिला धडा. पाठ या अर्थाचा नव्हे. तेल-तूप मोजण्याआधी रिकाम्या भांड्याच्या तोलाचं वजन दुसऱ्या पारड्यात टाकायचं, याला जुने वाणी भांड्याचा धडा करणे म्हणत. प्रयोगशाळेतली ती तोलाची बशी म्हणजे नेमका हाच धडा. 'मनाचा धडा करणे' हा वाक्प्रचार याच दुकानातून आलाय असं माझं मत. निश्चय करताना माणूस आधी स्वतःच्या मनाचा भार बाजूला तोलून ठेवतो आणि मगच समोरची गोष्ट पारड्यात घालतो. पाठाच्या धड्यावरून हा वाक्प्रचार लावणाऱ्यांनी 'मनाचा धडा घेणे' असं कुणी का म्हणत नाही, याचं उत्तर द्यावं.

तेव्हा बटणावर मराठी शब्द हवाच असेल तर 'धडा' छापा. पेढे घेताना मात्र सरळ म्हणा, "आधी खोक्याचं वजन वजा करा."