वाचकांचे कायदेविषयक प्रश्न : भाऊ तुरुंगात, दावा दारव्ह्यात

प्रश्न : माझा धाकटा भाऊ आठ महिन्यांपासून अमरावती मध्यवर्ती कारागृहात न्यायबंदी (खटल्याचा निकाल बाकी असलेला कैदी) आहे. एका व्यापाऱ्याने वचनचिठ्ठीच्या (रक्कम फेडण्याचे सही केलेले लेखी वचन) आधारे त्याच्यावर २ लाख ४० हजारांचा दावा दारव्ह्याच्या कोर्टात टाकला. समन्सवर 'आदेश ३७' असे लिहिले आहे. भाऊ सांगतो की त्याने पेरणीसाठी नगदी ९० हजार घेतले, कापूस विकून ३० हजार परत केले आणि चिठ्ठीवर सही केली तेव्हा रकमेची जागा कोरी होती. नातेवाईक म्हणतात, सुटल्यावर बघू. काय करावे? (एक वाचक, ता. दारव्हा)

उत्तर : सुटकेची वाट पाहू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ चा दावा म्हणजे समरी दावा, म्हणजे झटपट निकालाचा दावा. नेहमीच्या दाव्यात लेखी जबाबाला ३० दिवस मिळतात, इथे तो जबाब देण्याचा हक्कच आपोआप मिळत नाही. आधी कोर्टाकडून बचावाची परवानगी घ्यावी लागते. वकील मंडळी तिला 'लिव्ह टू डिफेंड' म्हणतात. तुरुंगात असल्यामुळे मुदत थांबत नाही.

तुरुंगातल्या प्रतिवादीचे समन्स कोर्ट कारागृहाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे पाठवते आणि ते अधिकारी बंद्याला देतात. भावाच्या हाती समन्स कोणत्या तारखेला पडले, ते पुढच्या मुलाखतीत विचारून लिहून ठेवा. तो दिवस सोडून १० दिवसांत वकिलामार्फत हजेरी नोंदवायची. समन्स ३ तारखेला मिळाले असेल तर १३ ही शेवटची तारीख. त्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी. हजेरीसोबत नोटिसा घेण्याचा पत्ता द्यायचा आणि त्याच दिवशी वादीच्या वकिलाला हजेरीची सूचना पाठवायची. गावाकडे ही सूचना हमखास राहून जाते. दाव्याची आणि चिठ्ठीची प्रत समन्ससोबत आली नसेल तर तसे लेखी नोंदवून प्रत मागा.

हजेरीनंतर वादी दुसरे समन्स काढतो, निकालासाठीचे. ते मिळाल्यापासून पुन्हा १० दिवस, आणि बचावाच्या परवानगीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह याच दिवसांत जायला हवा. दिवस उलटले असतील तरी योग्य कारण दाखवल्यास कोर्ट उशीर माफ करू शकते. मात्र 'तो तुरुंगात होता' एवढ्यावर भागवू नका. समन्स कधी मिळाले, वकील कधी मिळाला, कागद आत-बाहेर व्हायला किती दिवस गेले, हे तारखांनिशी लिहा.

वकिलाच्या फीसाठी वावर गहाण टाकू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. ही मदत दिवाणी दाव्यालाही आहे. भावाने आतून कारागृहाच्या विधी सहाय्य केंद्रात अर्ज द्यावा, तुम्ही बाहेरून तालुका विधी सेवा समितीकडे द्या. फोन करायचा तर १५१०० हा क्रमांक आहे. वकीलपत्रावर भावाची सही कारागृहात होईल आणि अधिकारी ती साक्षांकित करतील. प्रतिज्ञापत्राची शपथ नोटरी किंवा तसा अधिकार असलेल्या अधिकाऱ्यासमोर व्हावी लागते, त्याची सोय पहिल्याच भेटीत मागा. व्यवहार भावाने केला आहे, म्हणून मुख्य प्रतिज्ञापत्र त्याचेच हवे. तुम्ही कापसाचे पैसे देताना हजर असाल तर तेवढ्यापुरते तुमचे वेगळे जोडा.

सगळे वजन या प्रतिज्ञापत्रावर आहे. 'दावा खोटा आहे' एवढ्याने परवानगी मिळत नाही. कोणत्या महिन्यात, कुठे, किती नगदी मिळाले, कोण हजर होते, ३० हजार कधी आणि कशातून दिले, ते लिहा. कापूस विकल्याची काटापट्टी, बँकेची नोंद, मोबाईलवरचा संदेश, जे असेल ते जोडा. सही भावाची असेल तर ती नाकारू नका. सही खोटी म्हणून सांगितले आणि ती खरी निघाली, तर बाकीच्या खऱ्या गोष्टीवरही कोर्ट विश्वास ठेवत नाही.

कोरी चिठ्ठी होती, हा मुद्दा एकटा तग धरत नाही. मुद्रांक लावलेली कोरी चिठ्ठी सही करून दिली, की धारकाला ती भरण्याचा अधिकार परक्राम्य संलेख कायद्याचे (वचनचिठ्ठी, धनादेश अशा कागदांचा कायदा) कलम २० देते. म्हणून प्रत्यक्षात मिळालेली रक्कम सिद्ध करणे महत्त्वाचे. चिठ्ठीवर मुद्रांक आहे का, तेही बघा. विनामुद्रांक वचनचिठ्ठी नंतर दंड भरूनही पुराव्यात येत नाही. चिठ्ठी मागणी करताच फेडायची असेल तर तिच्या तारखेपासून ३ वर्षांत दावा यायला हवा. मध्ये लेखी कबुली किंवा स्वतःच्या सहीनिशी काही भरणा झाला असेल तर मुदत वाढते.

व्यापारी व्याजाने पैसे देण्याचा धंदा करतो का? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे कर्ज देताना वैध परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट हुकूमनामा (दाव्याचा अंमलात आणता येणारा निकाल) देऊ शकत नाही. परवान्याची माहिती सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे लेखी मागा. एखाद्यालाच एकदा उसने दिले तर ती सावकारी ठरत नाही, म्हणून त्याने आणखी कोणाकोणाला व्याजाने दिले ते प्रतिज्ञापत्रात यावे.

एक वाक्य फार जपून लिहा. '९० हजार मिळाले' ही हकिकत आहे. '६० हजार देणे लागतो' ही कबुली आहे, आणि कबूल केलेली रक्कम कोर्टात भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही. परवान्याचा मुद्दा घेणार असाल तर कबुली द्यायची की नाही, हे वकिलाशी बोलूनच ठरवा. बचाव भक्कम असेल तर परवानगी विनाअट मिळते, तो कमकुवत वाटला तर कोर्ट सगळी किंवा काही रक्कम भरायला सांगू शकते. ती मुदतीत भरली नाही तर वादीला लगेच निकाल मिळतो.

पुढे भावाची साक्ष लागली तर अंतर आडवे येईल. तुरुंग कोर्टापासून २५ किलोमीटरहून लांब असेल तर कमिशनमार्फत (कोर्टाने नेमलेल्या माणसाने तुरुंगात जाऊन घेतलेला) जबाब पुरेसा होणार नाही याची खात्री पटल्यावरच कोर्ट बंद्याला आणायला सांगते. कमिशनचा अर्ज वेळेत द्या.

प्रश्न : आमच्या काकांवर ते तुरुंगात असताना असाच हुकूमनामा झाला. बैल जप्त होतील का? (आर्वी)

उत्तर : शेतीच्या उपजीविकेसाठी लागणारे बैल, अवजारे आणि बियाणे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जप्तीतून वगळले आहेत. बेलीफ आला तर तसे लेखी सांगा. हुकूमनामा रद्द करायला आदेश ३७, नियम ४ खाली अर्ज करावा लागेल. त्यात हजर का राहता आले नाही आणि बचाव काय आहे, दोन्ही दाखवा. बहुतेक अर्ज पहिलेच सांगून थांबतात आणि फेटाळले जातात.