धाकट्यांना पक्षी दाखवताना

प्रिय छोट्या मैत्रिणीस,
सप्रेम आशीर्वाद.

भावंडांना घेऊन भिगवणला जायचा तुझा बेत कळला. जरूर जा, पण आधी दोन महिने घराच्या गच्चीवरूनच बघा. तिथले उजनी धरणाच्या पाण्यावरचे रोहित (फ्लेमिंगो) लांबून गुलाबी पट्ट्यासारखे दिसतात. आठ वर्षांचं पोर पाच मिनिटं बघतं आणि मग खाऊ मागतं. समोरच्या पिंपळावरचा तांबट मात्र रोज भेटतो.

सुरुवात त्याच्यापासूनच कर. चिमणीएवढाच पण जाडजूड, हिरवा, कपाळ आणि छाती लाल, गळा पिवळा. सकाळी शेंड्याच्या वाळक्या काटकीवर बसून तो टुक् टुक् करतो. आवाज येत राहतो, पक्षी काही सापडत नाही, कारण ओरडताना तो मान फिरवतो आणि आवाज जागा बदलतोय असं वाटतं. म्हणून पानांत शोधायचं नाही, उघडी टोकं एकेक करून तपासायची. सापडला की मुलांना विचार, 'ओरडताना चोच उघडते का?' चोच मिटलेलीच असते, प्रत्येक टुक् बरोबर गळा फुगतो आणि आकसतो. हे पोरांनी स्वतः टिपायला हवं, तू आधी सांगू नकोस.

दुर्बीण ८×४२ घे, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. २० पटीची स्वस्त दुर्बीण मोह घालते, पण हाताचं कापणंही तेवढंच मोठं होतं आणि पक्षी स्थिर दिसत नाही. ८×४२ साधारण ६०० ते ७०० ग्रॅम भरते, लहानांच्या मानेला जड. त्यांना ८×३२ बरी. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं, काही दुर्बिणी तेवढ्या मिटतच नाहीत, तेव्हा दुकानात त्यालाच लावून बघ. आधी दोन्ही नळ्या हलवून एकच गोल दिसेल असं कर. मग उजवा डोळा झाकून मधलं चाक फिरव, डाव्या डोळ्याला स्पष्ट दिसलं की डावा झाक आणि फक्त उजव्या नळीवरची कडी फिरव. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी वाटी आत दाब. आणि पक्षी दिसल्यावर दुर्बिणीकडे बघायचं नाही. नजर पक्ष्यावर ठेवूनच ती डोळ्यांवर आणायची. मुलं खाली बघतात आणि तेवढ्यात जागा हरवते.

रंग सगळ्यात शेवटी विचार. उजेड समोरून असला की प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. आधी आकार: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग चोच, शेपटी, बसायची पद्धत. वहीत तारीख, वेळ, जागा आणि संख्या लिहायची, पुस्तक त्यानंतर उघडायचं. आधी उघडलं तर मुलं चित्रातलाच पक्षी 'बघतात'.

आजीला सोबत बसव. पावशाचं 'पेरते व्हा' तिला तुझ्याआधी ओळखू येईल, आणि ती सांगेल ती गावाकडची नावं जशीच्या तशी वहीत उतरव. पुस्तकात बऱ्याचदा ती सापडत नाहीत.

एका गोष्टीत मात्र कडक राहा. घरटं सापडलं तर लांबूनच बघायचं. फोटोसाठी आडवी डहाळी बाजूला केली की पिल्लांवर ऊन येतं आणि कावळ्याला वाट मोकळी होते. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावायचा नाही. तो नर आपल्या हद्दीत दुसरा घुसला समजून अंडी-पिल्लं सोडून धावत येतो.

भिगवणला डिसेंबर-जानेवारीत, उजाडताच पोहोचा. नावेत बसण्याआधीच नावाड्याला सांग की थवा उडवायचा नाही, लांब थांबलो तरी चालेल. न सांगितल्यास काही जण गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून नाव थव्यात घालतात. पाऊण तासानंतर मुलं कंटाळली तर निघा. डबा किनाऱ्यावर खा, तिथे धोबी पक्षी शेपटी हलवत अगदी पायांजवळ फिरतो.

तुझा,
काका