वाचकांचे प्रश्न : बँडची कवायत आणि टॅब

शाळेच्या बँडच्या मैदानावरच्या रचना टॅबवरून शिकवण्याबद्दल बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मुलगी टेक्सासमध्ये हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. यंदापासून कवायत टॅबवरच्या अ‍ॅपमध्ये येते. तिच्या ठिपक्याखाली ‘साइड १, ४०च्या आत २, फ्रंट हॅशच्या मागे ८’ असे लिहिलेले असते आणि पुढच्या रचनेसाठी ‘८ काउंट’. घरी सराव घ्यायचा आहे, पण अर्थच लागत नाही. (एक पालक, डॅलस)

उत्तर : हा तिचा मैदानावरचा पत्ता आहे. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर ५ यार्डांना रेघ असते आणि बँडवाले त्या ५ यार्डांत ८ पावले बसवतात. म्हणून एक पाऊल साडेबावीस इंचांचे, सुमारे ५७ सेंटिमीटरचे. ‘आत’ म्हणजे मधल्या ५०च्या रेघेकडे, ‘बाहेर’ म्हणजे तिच्यापासून दूर. हायस्कूलच्या मैदानाच्या रुंदीचे तीन सारखे भाग करणाऱ्या खुणांच्या दोन ओळी असतात, त्या हॅश. प्रेक्षकांकडची ती फ्रंट हॅश, कडेच्या रेघेपासून सुमारे २८ पावलांवर. ‘मागे’ म्हणजे प्रेक्षकांपासून लांब. तेव्हा मुलगी ४०च्या रेघेपासून ५०कडे २ पावले, म्हणजे ११४ सेंमी, आणि फ्रंट हॅशच्या मागे ८ पावले, म्हणजे साडेचार मीटरच्या किंचित वर उभी आहे.

साइड १ ही डायरेक्टरच्या डाव्या हाताची बाजू. मुलगी त्याच्याकडे तोंड करून उभी असल्याने तिच्या मात्र उजव्या हाताची. नवशिकी मुले भलत्या बाजूला धावतात ती बहुधा इथेच फसून. अ‍ॅपमध्ये डायरेक्टरच्या आणि वादकाच्या अशा दोन्ही बाजूंनी चित्र बघता येते. तिचे वादकाच्या बाजूला लावून ठेवा आणि हंगामभर बदलू नका.

समजा पुढचा पत्ता ‘४५वर, फ्रंट हॅशवर’ आहे. आडवे अंतर ६ पावले, पुढचे ८, म्हणून तिरपे अंतर १०. ते ८ काउंटमध्ये, म्हणजे ८ ठोक्यांत दर ठोक्याला एक पाऊल टाकत कापायचे, तर पाऊल ५७चे नाही, ७१ सेंमीचे पडायला हवे. अ‍ॅप हे ‘६.४ टू ५’ असे दाखवते, म्हणजे ५ यार्डांत ६.४ पावले. आकडा लहान तितके पाऊल मोठे, असा उलटा हिशेब आहे. ‘६ टू ५’ म्हणजे बरोबर ३० इंच, आपल्याकडच्या एनसीसीच्या ‘तेज चल’चे पाऊल. क्लॅरिनेट ओठाला लावून, धड प्रेक्षकांकडे ठेवून तिरपे जाताना ते टाकणे सोपे नसते.

घरी ड्राइव्हवेवर खडूने दोन खुणा करा, मध्ये ५ मीटर ७१ सेंमी. तिसरी खूण बरोबर मध्यावर, २ मीटर ८६ सेंमीवर. चौथ्या काउंटला ती तिथे हवी. शेवटची खूण साधली पण मधली चुकली, तर आधी पावले आखडून नंतर धाव घेतली असा अर्थ. मैदानात तिरपी ओळ वाकते ती अशाच मुलांमुळे. ठिपका पाठ असलेली मुले पुष्कळ असतात. वाट पाठ असलेली थोडी.

प्रश्न : आमच्या बँडमध्ये ३६ मुले आहेत आणि शाळेत टॅब दोन. पायवेअरसारखे कवायत आखण्याचे सॉफ्टवेअर घेणे शक्य नाही. २६ जानेवारीच्या संचलनापलीकडे वर्तुळ, बाण, तिरप्या ओळी अशा रचना बसवायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी? (क्रीडाशिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : टॅब कपाटातच राहू द्या, आधी फक्की आणा. अमेरिकेतल्या मुलांना टॅबवरचा पत्ता मैदानात सापडतो, कारण रेघा आधीच आखलेल्या असतात. आपल्या शाळेच्या मैदानावर रेघ नसते, आणि रेघ नसेल तर पडद्यावरचे चित्र हे नुसते चित्रच.

३६ मुलांना २७ मीटर रुंद आणि १८ मीटर खोल जागा पुरते. साडेचार-साडेचार मीटरचे चौकोन आखा. एका चौकोनाच्या बाजूत ८ पावले, म्हणजे पाऊल ५६ सेंमीचे; आठवी-नववीच्या मुलांना वाद्य घेऊन ते झेपते. कोपरा काटकोनात येण्यासाठी एका बाजूवर ९ मीटर, दुसरीवर १२ मीटर मोजा. त्या दोन टोकांमधले अंतर १५ मीटर भरले की कोन बरोबर. मोजताना टेप दर वेळी शून्यापासून धरा. साडेचार मीटर एकापुढे एक जोडत गेलात आणि दर वेळी २ सेंमी चुकलात, तर सहाव्या चौकोनाला १२ सेंमीचा फरक पडतो आणि मुले बरोबर चालूनही ओळ वाकडी दिसते. सुतळीवर गाठी मारून मोजू नका, ताणली की वाढते.

प्रेक्षकांकडून मागे जाणाऱ्या ७ रेघांना १ ते ७ आकडे द्या, आडव्या ५ रेघांना क ख ग घ ङ. मग पत्ता असा : ‘ग-४, उजवीकडे २, मागे ३’. उजवे-डावे कुणाचे, हे पहिल्याच दिवशी ठरवा. मुलांचे धरलेले बरे, कारण चालायचे त्यांना आहे. फक्की तासाभराच्या कवायतीत पायांखाली जाते. म्हणून ३५ छेदबिंदूंवर रंगीत कापडाची चिंधी बांधलेला खिळा जमिनीच्या खाली जाईल असा ठोकून ठेवा, फक्त चिंधी वर दिसू दे. फक्की पुसली तरी मांडणी राहते.

आता टॅब. संगणकावर पॉवरपॉइंटमध्ये एका स्लाइडवर एक रचना काढा. ३६ गोल, प्रत्येकावर मुलाचा क्रमांक, मागे तीच चौकट. पुढच्या रचनेसाठी स्लाइडची प्रत काढून तेच गोल सरकवा. नवे काढलेत तर ओळख तुटते. ‘मॉर्फ’ हे ट्रान्झिशन लावले की गोल पहिल्या जागेवरून दुसऱ्या जागी सरकताना दिसतात. ते २०१९च्या किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत मिळते. सारख्या आकाराच्या गोलांची अदलाबदल होऊ लागली, तर ‘सिलेक्शन पेन’ या आकृत्यांच्या यादीत प्रत्येक गोलाच्या नावाआधी दोन उद्गारचिन्हे टाका, म्हणजे नावावरून जोडी जुळते. कालावधी काढायचा तर काउंटला ६०ने गुणून मिनिटातल्या ठोक्यांनी भागा. १२०च्या गतीला ८ काउंटचे ४ सेकंद, १६ काउंटचे ८. शेवटी सगळ्याचा व्हिडिओ करून टॅबवर टाका. तो कुठल्याही टॅबवर आणि इंटरनेटशिवाय चालतो.

मुलांच्या हातात मात्र टॅब देऊ नका. पडद्याकडे बघत चालणारे मूल मान खाली घालते. फुंकीच्या वाद्याचा सूर उतरतो आणि पुढचा दिसत नाही तो वेगळाच. प्रत्येकाला खेळायच्या पत्त्याएवढी, लॅमिनेट केलेली चिठ्ठी गळ्यात दोरीने द्या : रचना क्रमांक, पत्ता, काउंट. एक टॅब मैदानाच्या कडेला ठेवा. तिथे गटप्रमुखांनी यायचे, अर्धा मिनिट हालचाल बघायची आणि परत जागेवर. मग वाद्य खाली ठेवून, तोंडाने काउंट मोजत चाला. जागेवर पोचल्यावर कुणी हलायचे नाही. चिठ्ठी आणि चिंधी बघून आपण किती पावले चुकलो ते प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे. हे दोनदा. तिसऱ्यांदा वाद्य हातात पण वाजवायचे नाही, चौथ्यांदा वाजवत. घाई करून पहिल्याच फेरीला वाजवायला लावले, तर चुकीची जागाच पायांत बसते.

दुसरा टॅब पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात, आडवा, स्टँडवर. झूम नको, चौकटीचे चारही कोपरे दिसायला हवेत. जमिनीवरून काढलेल्या चित्रीकरणात मागच्या ओळी एकमेकींवर चढतात आणि काहीच कळत नाही. चित्रीकरण दुसऱ्या दिवशी दाखवून उपयोग नाही, त्याच रचनेनंतर लगेच दाखवा.

एक घोटाळा हमखास होईल. संचलनाचे पाऊल ७६ सेंमीचे आणि रचनेचे ५६चे. जानेवारीत दोन्ही सराव एकाच आठवड्यात घेतले की मुले चौकोनाच्या बाजूत सहाच पावले टाकून मोकळी होतात. रोज सुरुवातीला ५ मिनिटे नुसते रेघ ते रेघ चालवा, ८ पावलांत, वाद्याशिवाय. राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत उतरायचे असेल तर ब्रास आणि पाइप बँडच्या गटांत मुले व मुली वेगळ्या असतात. सदस्यसंख्या आणि वेळ त्या वर्षीच्या परिपत्रकात बघूनच रचना आखा.

प्रश्न : टॅबवर सगळे सुरळीत दिसते, पण मैदानात दोन ओळी एकमेकींतून जाताना टक्कर होते. ठिपके बरोबर आहेत, मग चूक कुठे?

उत्तर : ठिपक्याला अंग नसते. बेस ड्रमला असते. पडद्यावर दोन ठिपके एका पावलाच्या फटीतून निघून जातात, पण ५७ सेंमीच्या फटीतून मूल आणि त्याचा ड्रम जात नाही. दोन मुलांत निदान २ पावले ठेवा, बेस ड्रम आणि मोठ्या पितळी वाद्यांभोवती ३ ते ४. खांद्याच्या पट्ट्याला लटकणारा साइड ड्रम डाव्या मांडीपाशी असतो, त्यामुळे त्या मुलांना आडवे सरकवू नका.

आरपार जाणाऱ्या ओळी हव्याच असतील तर ठिपके फिरवत बसण्यापेक्षा वेळ बदला : एका ओळीने २ काउंट जागेवर कदमताल करायचा आणि उरलेल्या ६ काउंटमध्ये अंतर कापायचे. पावलाची लांबी मात्र पुन्हा मोजा, ती एक तृतीयांशाने वाढते. वर्तुळाच्या परिघावरून जायचे असेल तिथे पडद्यावरची हालचाल सरळ रेषेत दाखवली जाते, मुलेही तेच शिकतात आणि वर्तुळ मध्यात चेपते. तिथे मधली एक स्लाइड घालावीच लागते.

प्रश्न : टॅबवरचा ठोके देणारा मेट्रोनोम ब्लूटूथ स्पीकरला जोडून समोर ठेवतो. तरी मागची ओळ सतत उशिरा वाजते.

उत्तर : मुलांना दोष देऊ नका, हवेला द्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्पीकरपासून ३० मीटर मागे उभ्या मुलाला ठोका ९० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, त्याचा आवाज पुढे यायला आणखी ९०. १२०च्या गतीला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. म्हणजे समोर उभ्या शिक्षकाला मागची ओळ ठोक्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त मागे वाटते. स्पीकर सगळ्यांच्या मागे, मधोमध ठेवा. मग ठोका मागून पुढे येतो आणि वाटेत प्रत्येकाचा सूर त्याच्याबरोबर येतो. पुढच्यांनी मागच्यांचे ऐकून वाजवायचे, मागच्यांनी पुढच्यांचे ऐकायचे नाही. हाताचा इशारा डोळ्यांनी घ्यायचा.

ब्लूटूथचा उशीर वेगळा. नुसता ठोका वाजवत असाल तर तो निरुपद्रवी, कारण दर ठोका सारखाच उशिरा येतो. पण टॅबवर हालचालीचा व्हिडिओ चालू असेल, तर ठिपका आधी पोचतो आणि ठोका मागून, आणि शिक्षक नसलेली चूक शोधत बसतात. त्या वेळी वायर लावा. टॅबला हेडफोनचे भोक नसेल तर यूएसबी-सीचे अ‍ॅडॅप्टर लागेल.

प्रश्न : एप्रिलमध्ये सकाळी ९ नंतर टॅब तापून बंद पडतो. काय करावे? (नागपूर)

उत्तर : आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी केलेला आहे, तुमच्याकडे एप्रिलमध्ये त्याहून जास्त असते, आणि उन्हात ठेवलेले काळे कव्हर आणखी तापते. पांढरी छत्री, कव्हर काढलेले, टेबलावर खालून हवा लागेल असा. पॉवर बँक लावून वापरू नका, चार्जिंगची उष्णता वर पडते. तापलेला टॅब बर्फावर किंवा फ्रीजमध्ये तर अजिबात नको, आत दव धरते. फाइल आदल्या रात्री उतरवून घ्या आणि विमान मोड लावा. चित्रीकरणाच्या मध्येच कुणाचा फोन येत नाही. पडदा काळाच दिसत असेल तर आधी गॉगल काढून बघा. पोलराइज्ड काचेतून काही पडदे एका दिशेने धरले की काळे पडतात.

प्रश्न : ढोल-ताशा पथकाला हे उपयोगी पडेल का? (पुणे)

उत्तर : स्थिर वादनाला पडेल, मिरवणुकीला नाही. रस्त्याची रुंदी दर चौकात बदलते आणि पथकाचा वेग पुढचे मंडळ ठरवते. तिथे ठिपका कशाच्या आधाराने धरणार? स्थिर वादनासाठी चौकट दीड मीटरची घ्या, कमरेला बांधलेला ढोल आणि टिपरूचा हात त्यात मावतो. ध्वजवाल्यांभोवती तीन मीटर मोकळे सोडा. ताशे मधोमध ठेवले की ठोका सगळ्या बाजूंना जवळपास सारख्याच वेळात पोचतो, त्यामुळे वरच्या स्पीकरच्या भानगडीत तुम्हाला पडावे लागत नाही.