मुलगा खोटं बोलतो, अजून कडक होऊ का?

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा आहे. हल्ली सर्रास खोटं बोलतो, होमवर्क झाला म्हणतो आणि वही कोरी. मी रोज दप्तर तपासते, मोबाइलला पासवर्ड टाकला, एकदोनदा मारलं पण, तरी उलट जास्तच सराईत झालाय. खरं बोलावं हे आम्ही त्याला कायम सांगतो. अजून कडक व्हायला हवं का? – एक आई

उत्तर: ताई, नका होऊ. मार बसणार हे माहीत असलं की मूल खोटं सोडत नाही, पकडलं न जायची प्रॅक्टिस करतं. आणि सांगण्यापेक्षा ते बघून जास्त शिकतं. २०१४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात काही मुलांना आधी सांगितलं की शेजारच्या खोलीत भरपूर गोळ्या आहेत, मग कबूल केलं की ते खोटं होतं, तुला इकडे आणायला म्हटलं. नंतर सगळ्यांनाच एका खेळण्यापाशी एकटं ठेवलं, मागे वळून बघायचं नाही असं सांगून. तर पाच ते सात वर्षांच्या मुलांत, ज्यांना मोठ्या माणसाने फसवलं होतं त्यांनी जास्त प्रमाणात वळून बघितलं आणि वर बघितलंच नाही असंही सांगितलं. एकच थाप, ती पण अनोळखी माणसाची!

आता घरात बघा. फोन आला की 'सांग बाबा घरी नाहीत', इंजेक्शनच्या आधी 'अजिबात दुखणार नाही', हे सगळं तो ऐकतोय. हे आधी बंद करा, अगदी दोघांनीही. दुसरं म्हणजे वही कोरी आहे हे माहीत असताना 'झाला का रे होमवर्क?' असं विचारू नका, तो प्रश्न म्हणजे सापळाच असतो. सरळ म्हणा, 'होमवर्क राहिलाय, कुठे अडलंय?' बरेचदा गणित जमत नसतं आणि तेच लपवायचं असतं.

नियम सोडा असं मी म्हणत नाहीये, मोबाइलची वेळ ठरलेली असावीच, पण जेवताना फोन बाजूला ठेवायचा तर तुमचाही ठेवा. आणि ज्या दिवशी तो आपणहून चूक कबूल करेल त्या दिवशी मात्र आवाज चढवू नका प्लीज, चूक निस्तरायला त्यालाच लावा, खरं बोलल्याबद्दल शाबासकी द्या. सुरुवातीला तो तुमची परीक्षा बघेल, मुद्दाम छोटंसं काहीतरी कबूल करून आई ओरडते का ते बघेल. तेव्हा शांत राहा.